सार्वजनिक घर

इंग्रजीच्या तासाला एका कथेत एक साधे वाक्य आले. कथेतील म्हातारा रोज संध्याकाळी आपल्या 'लोकल'मध्ये जाऊन बसत असे. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मुंबईची गाडी उभी राहिली. हा म्हातारा रोज आगगाडीत कशाला जाऊन बसतो, असे कोणीतरी विचारले तेव्हा सर मोठ्याने हसले. "अरे, लोकल म्हणजे पब. आपल्या गल्लीतला, आपल्या ओळखीचा पब." मागच्या बाकांवर खसखस पिकली. तास संपल्यावर मी वाचनालयात जाऊन शब्दकोश काढला. पब हे 'पब्लिक हाऊस' याचे लघुरूप आहे, असे तेथे दिले होते. पब्लिक हाऊस म्हणजे सार्वजनिक घर! दारूच्या दुकानाला एवढे चांगले नाव कोणी ठेवले असेल, याचे मला नवल वाटले.

आमच्या घरी दारू हा शब्दसुद्धा कोणी उच्चारीत नाही. त्या एका शब्दाने माझ्या धाकट्या आत्याचा संसार बुडविला. मामंजी गेले आणि आत्या दोन मुले घेऊन आमच्याकडे आली, त्याला आता सहा वर्षे झाली. त्यामुळे इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी इंग्लंडमधील पबांचा विषय घेतला आहे असे घरी सांगितले, तेव्हा आईने भाकरी थापायची थांबविली. "गुत्त्यावर लिवणार व्हय गं तू? त्यासाठी घातली का तुला कालिजात?" आत्या काही बोलली नाही, उठून मागच्या दारी गेली. मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे, असे समजावे.

विषय निवडताना इतिहासाच्या सरांनी एक युक्ती सांगितली होती. "सगळा देश घेऊ नकोस, बुडशील. एक शहर घे आणि त्यातली एक लहान गोष्ट धरून चाल." मी बर्मिंगहॅम घेतले. मी ते शहर पाहिलेले नाही, पबही पाहिलेला नाही. जे काही सांगणार आहे ते सगळे वाचून कळलेले. परंतु वाचता वाचता ते शहर असे ओळखीचे झाले की, उद्या तेथे सोडले तर निदान वाट विचारण्याइतके धैर्य मला येईल.

बर्मिंगहॅम हे इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले शहर. लोकवस्तीत लंडनच्या खालोखाल. हजार धंद्यांचे शहर अशी त्याची ख्याती होती. बटणे, खिळे, बंदुका, दागिने, पुढे मोटारी, काय वाटेल ते तेथे तयार होई. एकोणिसाव्या शतकात साऱ्या जगाला लागणारी पोलादी निबेसुद्धा बहुतेक तेथलीच. इतक्या कारखान्यांत राबणारे लोक राहत कोठे? तर पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत. एका घराची मागची भिंत हीच दुसऱ्या घराचीही मागची भिंत. तेव्हा मागचे दार नाही, मागची खिडकी नाही. एक खोली खाली, तीवर दुसरी. मध्ये एक चौक, चौकात सगळ्यांचा मिळून नळ आणि संडास. अशा काही घरांचा एक चौक तेथे जतन करून ठेवला आहे आणि २००४ पासून तो लोकांना पाहता येतो. मुंबईच्या गिरणगावातील चाळींची वर्णने ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको.

आता दिवसभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस संध्याकाळी बसणार कोठे? घरात एकच खोली. तीत चूल, तीतच धुणे वाळत घातलेले, तीतच मुले. म्हणून तो कोपऱ्यावरच्या पबात जाई. तेथे शेकोटी असे, उजेड असे, बोलायला माणूस असे. कोठे काम निघाले आहे ते तेथेच कळे. कोणी आजारी पडला तर त्याच्यासाठी वर्गणी तेथेच जमे. घरात नसलेली बैठकीची खोली रस्त्यावर होती, असे म्हटले तरी चालेल. 'सार्वजनिक घर' या नावाचा अर्थ मला येथे प्रथम लागला.

परंतु हे घर खरोखरच सर्वांचे होते काय? जरा आत डोकावले की त्यात भिंती दिसू लागतात. जुन्या पबात निदान दोन खोल्या असत. एक 'बार'. तेथे खाली नुसत्या फळ्या, साधी बाके आणि कामाचे कपडे घातलेले मजूर. दुसरी 'स्मोक रूम'. तेथे गादीची बैठक, स्वच्छ कपड्यांतील गिऱ्हाइके आणि त्याच बियरला थोडा अधिक दर. याखेरीज रस्त्याच्या बाजूला एक खिडकीवजा दार असे. त्याला बर्मिंगहॅममध्ये 'आउटडोअर' म्हणत. ज्यांना आत बसायचे नाही, किंवा आत बसणे शोभत नाही, ते तेथून भांड्यात बियर घेऊन जात. बापाने पोराच्या हाती भांडे देऊन तेथे पाठवायचे ही नित्याची गोष्ट होती. १९०१ मध्ये कायदा होऊन लहान मुलांच्या हाती उघड्या भांड्यात दारू देण्यास बंदी झाली.

ॲस्टन भागात 'द बार्टन्स आर्म्स' नावाचा १९०१ साली बांधलेला पब आहे. त्याची छायाचित्रे पाहिली तर एखाद्या संस्थानिकाचा वाडा वाटतो. भिंतींवर रंगीत फरश्या, कोरीव लाकूडकाम, रंगीत काचा. त्यातील एका गोष्टीने मात्र मी थबकले. दारू वाढण्याच्या ओट्यावर माणसाच्या तोंडासमोर येतील अशा लहान लहान, फिरत्या काचांच्या झडपा बसविलेल्या आहेत. पलीकडचा नोकर किंवा समोरच्या खोलीतील मजूर आपल्याला पाहू नये, अशी प्रतिष्ठित गिऱ्हाइकाची इच्छा असे. त्याने झडप लावून घ्यायची. हात तेवढा खालून पुढे करायचा आणि पेला घ्यायचा. तोंड न दाखविता पेला घेण्याची ही सोय किती सुंदर नक्षीच्या काचेत केली होती!

ह्याच शहरात पबाचे शत्रूही जन्मले. आमच्या गावात कोणत्याही चॉकलेटला 'कॅडबरी' म्हणतात. ते कॅडबरी कुटुंब बर्मिंगहॅमचे. ते क्वेकर पंथाचे होते आणि दारू त्यांना वर्ज्य होती. त्यांनी १८७९ मध्ये आपला कारखाना शहराबाहेर बोर्नव्हिल येथे नेला आणि पुढे त्याच्याजवळ बागा असलेल्या घरांची वसाहत उभारली. त्या वसाहतीत पब मात्र बांधू दिला नाही. हे आईला सांगितले तेव्हा तिचा चेहरा उजळला. "शानी माणसं हायती," ती म्हणाली. शहरातील दंडाधिकाऱ्यांचेही मत तसेच होत चालले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'थोडे पण चांगले' असे धोरण धरले. दाटीच्या जुन्या गल्ल्यांतील लहान लहान पबांचे परवाने कमी करायचे आणि त्या बदल्यात नव्या उपनगरांत मोठे, हवेशीर, कुटुंबाने जावे असे पब काढू द्यायचे. १९२९ साली नॉर्थफील्ड येथे उभा राहिलेला 'द ब्लॅक हॉर्स' हा त्यांपैकीच. जुन्या लाकडी धाटणीची ती प्रचंड इमारत पाहून हे मद्यगृह आहे असे कोणी म्हणणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या वस्त्या पाडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पाठीला पाठ लावलेली घरे गेली, रुंद रस्ते आले, उंच इमारती आल्या. घरांबरोबर कोपऱ्यावरचे कितीतरी पबही गेले. वाईट घरे गेली याचे दुःख कोणी करू नये. परंतु ज्यांची गल्लीच उठली त्यांची 'लोकल' कोणती राहणार?

त्याच काळात त्या शहरात नवी माणसे आली. आयर्लंडमधून, वेस्ट इंडीजमधून, पाकिस्तानातून आणि आपल्या पंजाबातून. बर्मिंगहॅमला लागूनच स्मेथिक नावाचे गाव आहे. तेथील ओतशाळांत, म्हणजे लोखंड वितळवून ओतण्याच्या कारखान्यांत, पंजाबी मजूर मोठ्या संख्येने होते. ते काम असे की माणूस घामाने अर्धा होतो. सुटी झाली की गोरा मजूर आणि पंजाबी मजूर दोघांचीही पावले पबाकडेच वळत. आत गेल्यावर मात्र वाटा वेगळ्या होत. स्मोक रूम गोऱ्यांसाठी. काळ्या-सावळ्यांनी बसायचे असेल तर बारमध्ये. काही पबांत तर तेवढीही सोय नसे. पाटी लावण्याची गरज नव्हती. ज्याला कळायचे त्याला कळत होते.

१९६४ च्या निवडणुकीत स्मेथिकचे नाव देशभर गाजले. देशात मजूर पक्ष निवडून आला, पण येथे त्याचा मोठा नेता पॅट्रिक गॉर्डन वॉकर पडला आणि हुजूर पक्षाचे पीटर ग्रिफिथ्स निवडून आले. ती निवडणूक बाहेरून आलेल्यांविषयीच्या विखारी प्रचारावर लढविली गेली होती. मार्शल स्ट्रीट ह्या रस्त्यावरची रिकामी घरे नगरपालिकेने विकत घेऊन गोऱ्या कुटुंबांनाच द्यावीत, अशीही मागणी पुढे आली. अशा वेळी, १२ फेब्रुवारी १९६५ रोजी, अमेरिकेतील निग्रो चळवळीचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला आले. त्यांना बोलाविले होते इंडियन वर्कर्स असोसिएशन ह्या भारतीय मजुरांच्या संघटनेने. तिचे पुढारी अवतार सिंग जौहल हे १९५८ मध्ये पंजाबातून आलेले आणि ओतशाळेत काम केलेले गृहस्थ. त्यांनी पाहुण्यांना 'द ब्लू गेट्स' ह्या पबात नेले. जगभर नाव झालेल्या त्या माणसाला स्मोक रूममध्ये पेला मिळाला नाही. बारमध्ये जा, असे सांगण्यात आले. त्यानंतर नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा गोळ्या घालून खून झाला.

जौहल आणि त्यांचे सहकारी कसे लढले हेही वाचण्यासारखे आहे. त्यांनी काचा फोडल्या नाहीत. विद्यापीठातील गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते पबात जात. विद्यार्थ्याला पेला मिळे, मजुराला मिळत नसे. असा पुरावा जमवून ते परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दंडाधिकाऱ्यांपुढे हरकत घेत. १९६५ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पहिला वंशसंबंध कायदा झाला आणि सार्वजनिक ठिकाणी रंगावरून कोणास नाकारणे बेकायदा ठरले. कायदा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी दार उघडते असे नाही. तो लढा पुढेही बरीच वर्षे चालू राहिला. जौहल २०२२ मध्ये वारले.

हा भाग मी एका रात्री आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, वाचून दाखविला. आबांना अक्षर येत नाही. परंतु ऐकताना ते डोळे मिटतात आणि एक शब्द सोडीत नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले,

"त्याचा कप येगळा व्हता का?"

"कप नाही आबा, खोली वेगळी होती."

"म्हंजी त्येच की."

मग त्यांनी आपल्या तरुणपणीची गोष्ट सांगितली. बाजारच्या गावी एक चहाचे हॉटेल होते. आमच्या लोकांच्या कपबश्या तेथे आत नसत. बाहेरच्या भिंतीला एक कोनाडा होता, त्यात पालथ्या घातलेल्या असत. आपणच कप घ्यायचा, पुढे धरायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. बाहेर उभे राहून प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत कोनाड्यात पालथा घालायचा. पैसे मात्र सगळ्यांना सारखेच पडत. हे सांगताना आबांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी ती गोष्ट पावसापाण्याची सांगावी तशी सांगितली. आईने दिवा बारीक केला. मी बराच वेळ जागी होते. फिरत्या काचेची झडप आणि भिंतीतला कोनाडा ह्या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांपुढून जाईनात.

पबाच्या दाराशी माणसाची पारख होण्याचा आणखी एक प्रसंग बर्मिंगहॅमने पाहिला. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री शहराच्या मध्यभागी 'द मलबेरी बुश' आणि 'टॅव्हर्न इन द टाउन' ह्या दोन पबांत बॉम्ब फुटले. २१ माणसे मेली, त्यांत बहुतेक तरुण. दीडशेहून अधिक जखमी झाली. आयरिश बंडखोरांचे हे कृत्य मानले गेले आणि सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. ती माणसे निरपराध होती हे मान्य होऊन त्यांची सुटका व्हायला १९९१ साल उजाडावे लागले. मधल्या काळात त्या शहरातील आयरिश लोक मान खाली घालून वावरले. संत पॅट्रिकच्या सणाची त्यांची मिरवणूक बंद पडली, ती १९९६ मध्ये पुन्हा निघाली. नुसत्या उच्चारावरून माणूस ओळखला जाई. पबात जाऊन तोंड उघडायचे आणि सगळ्यांनी वळून पाहायचे, याची कल्पना ज्याला करता येते त्यालाच 'सार्वजनिक' ह्या शब्दाची किंमत कळेल.

यानंतर पबांचे जे दिवस आले ते उतरते होते. कारणे एकात एक गुंतलेली आहेत. पहिले कारण कारखान्यांचे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी त्या भागातील कारखाने भराभर बंद पडले. ॲन्सेल्स ही ॲस्टनमधील जुनी बियरची भट्टी १९८१ मध्ये संपानंतर बंद झाली. मिचेल्स अँड बटलर्स यांची केप हिलची प्रचंड भट्टी २००२ मध्ये बंद झाली. लाँगब्रिजचा मोटारींचा कारखाना २००५ मध्ये बसला आणि सुमारे सहा हजार माणसांचे काम गेले. पाळी सुटल्यावर पबात शिरणारी माणसेच उरली नाहीत, तर पब कोणाच्या जिवावर चालावा?

दुसरे कारण मालकीचे. हे समजायला मला वेळ लागला, परंतु आबांना चटकन समजले. पब चालविणारा बहुधा पबाचा मालक नसे. इमारत बियरच्या कंपनीची. हा तिचा भाडेकरू. भाडे तर द्यायचेच, शिवाय बियर त्याच कंपनीकडून, ती सांगेल त्या भावाने घ्यायची. "म्हंजी कूळ," आबा म्हणाले. अगदी बरोबर. १९८९ मध्ये सरकारने ह्या कुळांची सुटका करण्यासाठी नियम केला. ज्या कंपनीकडे दोन हजारांहून अधिक पब आहेत तिने त्यावरील निम्मे पब आपल्या बंधनातून मोकळे करावेत. कंपन्यांनी हजारो पब विकून टाकले. ते घेतले कोणी? नव्याने निघालेल्या, कर्ज काढून इमारती घेणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांनी. कूळ होते तेथेच राहिले, फक्त सावकार बदलला. नव्या सावकाराला बियरपेक्षा जागेच्या किमतीत अधिक रस होता. पब चालण्यापेक्षा बंद पडून तेथे सदनिका झाल्या तर पैसा अधिक, असा हिशेब सुरू झाला.

तिसरे कारण दुकानातील स्वस्त दारूचे. मोठमोठ्या बाजारगृहांत बियरचे डबे पबातल्यापेक्षा कितीतरी कमी दराने मिळू लागले. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी झाली, तेव्हा ओढणारेही घरीच बसू लागले. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सगळे पब बंद करावे लागले. जुलैमध्ये उघडले, पुन्हा मिटले. ब्रिटनमध्ये २००० च्या सुमारास साठ हजारांवर पब होते, ते आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास आले आहेत.

हे आकडे मी मोठ्या दिमाखाने आईला सांगितले. म्हटले, बघ, तुझे गुत्ते तिकडे बंद पडत आहेत. आईने विचारले, "मग दारू सुटली का त्यांची?" मी म्हटले, नाही, आता बरेच जण दुकानातून नेऊन घरी पितात. आई काही बोलायच्या आधी आत्याच बोलली. सहा वर्षांत ह्या विषयावर ती प्रथमच बोलत होती. "बाहीर पीत हुते तवर चार लोकं बघायची, हात धरायची. घरात बाटली आली, आन् मग कुनी बघाय ऱ्हायलं न्हाई." एवढेच बोलून ती पुन्हा निवडणे घेऊन बसली. मी वाचलेल्या कोणत्याही लेखात हे एवढ्या थोडक्यात सांगितलेले नव्हते. चांगल्या पबचा मालक, अमक्याला आता पुरे, असे सांगून पेला नाकारतो, असे मी वाचले होते. त्या वाचलेल्या ओळीचा अर्थ मला आत्याने सांगितला. याचा अर्थ पब चांगला असा मी काढीत नाही. आत्यासमोर तसे म्हणण्याचे धाडस मला होणारही नाही. परंतु दार बंद झाले म्हणजे दुःख संपते, हा माझा समज त्या दिवशी गेला.

मग त्या बंद पडणाऱ्या पबांचे पुढे झाले काय? काहींचे काहीच झाले नाही. पत्रे ठोकले गेले आणि पुढे पाडले गेले. स्पार्कब्रुक, स्मॉल हीथ यांसारख्या भागांत मुसलमान वस्ती वाढली. त्या लोकांना दारू निषिद्ध, तेव्हा तेथील पब उठणे स्वाभाविकच होते. स्पार्कहिलमधील 'द अँटिलोप' ही १९२० च्या दशकातील देखणी इमारत. तिचे पुढे भोजनगृह झाले. म्हणजे माणसांची बैठक मोडली नाही, पेल्यातील पदार्थ तेवढा बदलला. हे मला आवडले. बार म्हणजेच गाव, असे मानणाऱ्यांनी ह्या गोष्टीकडेही पाहावे.

आणि स्मेथिक, वेस्ट ब्रॉमिच, हँड्सवर्थ ह्या भागांत तर इतिहासाने गंमतच केली. ज्या पबांचे गोरे गिऱ्हाईक पांगले, ज्यांचा धंदा बसला, त्यांतील कितीतरी पब पंजाबी माणसांनी चालवायला घेतले. एके काळी ज्यांना स्मोक रूममध्ये बसू देत नसत, त्यांच्याच पिढीतील आणि पुढच्या पिढीतील माणसे आता ओट्याच्या आतल्या बाजूला उभी राहिली. त्यांनी बियरबरोबर तंदूरवर भाजलेले मांस, मासळी, नान द्यायला सुरुवात केली. तापलेल्या लोखंडी तव्यावर चुरचुरत येणारे ते ताट खायला गोरे, काळे, शीख सगळेच येऊ लागले. अशा पबांना तेथे 'देशी पब' म्हणतात. वेस्ट ब्रॉमिचचे 'द व्हाइन' आणि 'द रेड लायन', हँड्सवर्थचे 'द ग्रोव्ह' ही त्यांतील गाजलेली नावे. 'द रेड लायन'मध्ये रंगीत काचांच्या खिडक्या बसविल्या आहेत आणि त्यांत पंजाबातून आलेल्या मजुरांची कहाणी चितारली आहे. अशा पबांवर डेव्हिड जेसुदासन यांचे एक पुस्तकही २०२३ मध्ये निघाले. बार्टन्स आर्म्सच्या काचा माणसाचे तोंड लपविण्यासाठी होत्या. ह्या काचा ते दाखविण्यासाठी आहेत. शंभरएक वर्षांत काचेने केवढा प्रवास केला!

लोकल पबांचे भाग्य का फिरले, असा माझ्या प्रकल्पाचा प्रश्न होता. कारखाने, कंपन्या, कायदे, किमती ही सारी उत्तरे मी लिहून दिली आणि त्याला बरे गुण मिळाले. परंतु एक गोष्ट त्यात लिहिता आली नाही, ती येथे लिहिते. ज्या घराने काही माणसांना बाहेर ठेवले ते घर पुढे त्याच माणसांनी जगविले, असे अनेक ठिकाणी झाले. दार उघडे असणे आणि आत बसता येणे यांत मोठे अंतर असते. हे मला पुस्तकातून कळण्याआधीच थोडेसे माहीत होते. प्रथम वर्षाला असताना आपल्या महाविद्यालयाच्या वाचनालयाच्या दारावरून मी आठ दिवस नुसती ये-जा केली होती. दार उघडेच होते. कोणी नाही म्हटले नव्हते. पण आमच्या घरातून आजवर कोणी अशा खोलीत बसले नव्हते, आणि खुर्ची ओढली तर तिचा आवाज होईल, एवढीच मला भीती होती.

मागच्या महिन्यात आबा तालुक्याला डोळे दाखवायला आले होते. मी त्यांना महाविद्यालय पाहायला घेऊन आले. ते फाटकापाशीच थांबत होते. हात धरून आत आणले. वाचनालय दाखविले, माझी नेहमीची खुर्ची दाखविली. मग उपाहारगृहात गेलो. मधल्या टेबलावर आम्ही दोघे बसलो. आजूबाजूला तुम्हीच सगळे होता. कोणाचे आमच्याकडे लक्षही नव्हते. आबांनी बशीत ओतून सावकाश चहा घेतला. चांगला आहे म्हणाले. मी पैसे द्यायला गल्ल्यावर गेले आणि परत येऊन पाहते तो आबा जागेवर नव्हते. ते बाहेरच्या नळाशी उभे होते. त्यांनी कपबशी स्वच्छ विसळली, पाणी निथळू दिले, आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर कप नीट पालथा घालून ठेवला.

"आबा, इथं आपण नाही धुवायचा कप," मी म्हटले.

ते हसले. "ऱ्हाऊ दे की. सवय हाय."

मी तो कप उचलला, आत नेला आणि इतर कपांमध्ये ठेवला. मग वळून पाहिले, तर इतक्या कपांत तो नेमका कोणता होता हे मलाही ओळखता येईना.